कुलूप उघडलं, पण गाडी हलेना!

मुलांनो, मोबाइलचं कुलूप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? आईचा फोन, त्यावरचे नऊ ठिपके आणि तुम्ही मागून हळूच पाहून ठेवलेली ती वाकडीतिकडी रेघ! हसू नका. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना घरातल्या सगळ्या फोनच्या रेघा पाठ आहेत. तेराचा पाढा मात्र नाही!

पण आज मी सांगणार आहे ते कुलूप वेगळंच आहे, बरं का. ते पडद्यावर दिसत नाही. फोन सुरू होतो, फोटो निघतात, गाणी वाजतात, खेळसुद्धा चालतात. फक्त आपलं सिम कार्ड आत घातलं की फोन तोंड फिरवतो. ‘हे सिम चालणार नाही’, एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो.

असा फोन म्हणजे ‘लॉक’ केलेला फोन. कुठल्याही कंपनीचं सिम मुकाट्यानं घेतो, तो ‘अनलॉक’ फोन. मग कुलूप काढलं की झालं काम! असं तुम्हाला वाटेल. मोठ्या माणसांनाही तसंच वाटतं, आणि तिथेच त्यांचे पैसे जातात. कसे, ते कळायला आधी एका सतरा वर्षांच्या मुलाची गोष्ट ऐका. ही गोष्ट खरी आहे.

२९ जून २००७ रोजी अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीला आला. किंमत ४९९ डॉलरपासून पुढे. दुकानांबाहेर लोक रात्रभर रांगा लावून बसले होते. पण फोन बनवणाऱ्या ॲपलनं एटी अँड टी नावाच्या मोबाइल कंपनीशी करार केला होता. फोन घ्या, पण सेवा फक्त याच कंपनीची! दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं तर फोन चालायचाच नाही.

न्यू जर्सी राज्यातल्या ग्लेन रॉक गावी जॉर्ज हॉट्झ नावाचा मुलगा राहत होता. नुकतीच शाळा संपलेली, कॉलेज सुरू व्हायला दोन महिने. त्यानं ठरवलं, हे कुलूप उघडायचंच! जगभरातले काही मित्र इंटरनेटवरून त्याच्या मदतीला आले. गिटार वाजवायची छोटीशी चकती असते ना, तिनं त्यानं फोनचं पाठीमागचं झाकण उचकटलं, आतल्या एका बारीकशा जागी सोल्डरिंग केलं, आपला प्रोग्रॅम लिहिला आणि ऑगस्ट २००७ मध्ये जगाला दाखवून दिलं, की पाहा, माझ्या आयफोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम चालतंय! असा उघडलेला एक फोन देऊन त्याच्या बदल्यात त्याला काय मिळालं, माहीत आहे? एक निसान मोटार आणि तीन नवेकोरे आयफोन!

आता गोष्टीतला महत्त्वाचा भाग. हा भाग सांगायला लोक विसरतात. अमेरिकेत तेव्हा चार मोठ्या मोबाइल कंपन्या होत्या. एटी अँड टी, टी-मोबाइल, व्हेरायझन आणि स्प्रिंट. जॉर्जनं कुलूप पुरतं उघडलं होतं. तरीही तो फोन यांपैकी एकाच नव्या कंपनीवर चालला, टी-मोबाइलवर. व्हेरायझन आणि स्प्रिंटवर तो चाललाच नसता. जॉर्जनं आणखी शंभर रात्री जागून काढल्या असत्या तरी नाही!

का बरं? कुलूप तर उघडलं होतं की.

नेरळच्या फलाटावर

उत्तरासाठी अमेरिकेहून थेट आपल्या नेरळ स्टेशनवर या. तुमच्यापैकी कुणी माथेरानला गेलं असेल तर त्यानं पाहिलं असेल. मुंबईहून कर्जतकडे जाणारी लोकल नेरळला थांबते. तिच्या रुळांमधलं अंतर साडेपाच फूट. शेजारीच माथेरानची झुकझुक गाडी उभी असते. १९०७ साली सुरू झालेली ही गाडी, आणि तिच्या रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट!

आता समजा, स्टेशनमास्तरांनी फाटक उघडलं, सिग्नल हिरवा दिला आणि लोकलच्या मोटरमनला म्हटलं, ‘चला, माथेरानला न्या गाडी, तुम्हाला पूर्ण परवानगी आहे!’ तर लोकल जाईल का? नाही जाणार. परवानगी आहे, पण चाकं रुळांवर बसतच नाहीत!

मोबाइलचं अगदी असंच आहे. लॉक ही परवानगीची गोष्ट. ते माणसानं लावलं, माणूस काढू शकतो. पण फोन ज्या जाळ्यावर चालवायचा त्या जाळ्याचे ‘रूळ’ फोनच्या ‘चाकांना’ जुळतात का, हा वेगळाच प्रश्न. ते जुळत नसतील तर कुठलाही आकडा टाकून ते जुळवता येत नाहीत. कारण चाकं म्हणजे फोनच्या आत बसवलेले खरेखुरे भाग. अँटेना, चिप, गाळण्या. ते कारखान्यातच बसवलेले असतात.

एटी अँड टी आणि टी-मोबाइल यांची जाळी जीएसएम नावाच्या पद्धतीची होती. व्हेरायझन आणि स्प्रिंट यांची सीडीएमए पद्धतीची. पहिल्या आयफोनला सीडीएमएची चाकंच नव्हती. म्हणून तर फेब्रुवारी २०११ मध्ये व्हेरायझनसाठी आयफोन काढायचा झाला, तेव्हा ॲपलला वेगळा हँडसेट बनवावा लागला. त्यात गंमत म्हणजे सिमची खाचच नव्हती!

सीडीएमएचा अनुभव आपल्याकडेही भरपूर लोकांना आहे. तुमच्या आईबाबांना विचारा. २००३ साली रिलायन्सनं ५०१ रुपये भरा आणि फोन घरी न्या, अशी योजना आणली होती. आमच्या गल्लीत तोवर दोघातिघांकडेच मोबाइल होता. त्या पावसाळ्यात दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या खिशात फोन वाजू लागले. पण सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायची सोय त्यांच्यात नव्हती. नंबर फोनच्याच पोटात भरलेला असायचा. पुढे ती जाळी बंद झाली आणि चांगले धडधाकट हँडसेट लहान पोरांची खेळणी झाले.

सिमच्या पोटातला आकडा

आता कुलपाकडे परत येऊ. ते असतं तरी कुठे?

सिम कार्ड १९९१ साली जर्मनीतल्या म्युनिक शहरात पहिल्यांदा तयार झालं. तेव्हा ते बँकेच्या एटीएम कार्डाएवढं मोठं होतं! कापता कापता आज नखाएवढं झालंय. या कार्डात एक आकडा लपलेला असतो. तो तुमचा फोन नंबर नव्हे हं! हा आकडा बहुतेक वेळा १५ अंकी असतो. पहिले तीन अंक देशाचे. आपल्याकडच्या सिमचा आकडा ४०४ किंवा ४०५ नं सुरू होतो, अमेरिकेतला ३१०, ३११ असा. त्यापुढचे दोन-तीन अंक कंपनीचे. उरलेले तुमचे स्वतःचे.

लॉक केलेला फोन सुरू होताना काय करतो? शाळेच्या फाटकावर शिपाईकाका ओळखपत्रावरचं शाळेचं नाव बघतात ना, तसा तो सिमचे पहिले पाच-सहा अंक बघतो. आपल्या मालक कंपनीचे असले तर आत या. नसले तर तिथेच थांबा. बस्, एवढंच ते कुलूप! मग पडद्यावर एक चौकट येते आणि उघडण्याचा आकडा मागते. तो कंपनीकडून मिळतो. पाच-दहा वेळा चुकीचा टाकला तर फोन कायमचा रुसून बसू शकतो, म्हणून उगाच अंदाजपंचे आकडे टाकायचे नसतात. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये तर आकडाही टाकावा लागत नाही. कंपनीच आपल्या संगणकावरून कुलूप काढते.

कंपन्या असं का करतात? अमेरिकेत पूर्वी बहुतेक लोक फोन रोख पैसे देऊन घेत नसत. कंपनी महागडा फोन स्वस्तात द्यायची आणि दोन वर्षं दर महिन्याच्या बिलात हळूहळू पैसे वसूल करायची. मधेच गिऱ्हाईक दुसरीकडे पळालं तर कंपनी बुडणार! म्हणून कुलूप. दुकानदाराच्या बाजूनं पाहिलं तर तसं खोटं नाही. पण दोन वर्षं संपली, सगळे पैसे फिटले, तरीही कुलूप तसंच राहिलं तर? मग तो फोन कुणाचा, विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा? मला विचाराल तर घेणाऱ्याचा. वर्गात हा प्रश्न विचारला तेव्हा एक मुलगा पटकन म्हणाला, “बाई, सायकलचे पैसे फिटल्यावर दुकानदार किल्ली स्वतःकडे ठेवतो का?”

या प्रश्नावरून अमेरिकेत मोठं भांडण झालं. तिथे १९९८ साली एक कायदा झाला होता. सिनेमा, गाणी, पुस्तकं यांच्या चोरट्या नकला होऊ नयेत म्हणून त्यांना लावलेली डिजिटल कुलपं फोडायला त्या कायद्यानं बंदी होती. ती बंदी फोनलाही लागू पडेल, अशी भीती होती. कायद्यातून सूट कशाला द्यायची, हे कुणी ठरवायचं? तर तिथल्या संसदेच्या ग्रंथालयाच्या प्रमुखांनी! म्हणजे फोनचा निवाडा ग्रंथपालांकडे. २००६ मध्ये त्यांनी फोन उघडायला सूट दिली. मग ती सूट काढली गेली आणि २६ जानेवारी २०१३ पासून, नव्यानं घेतलेला फोन कंपनीला न विचारता उघडणं बेकायदेशीर ठरलं. लोक चिडले. १ लाख १४ हजारांहून जास्त लोकांनी सरकारकडे अर्ज केला. शेवटी १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि फोन उघडायला पुन्हा मोकळीक मिळाली. कॅनडानं १ डिसेंबर २०१७ पासून कुलूपबंद फोन विकायलाच बंदी घातली, ब्रिटननं डिसेंबर २०२१ पासून.

आपल्याकडे बहुतेक फोन पहिल्यापासूनच उघडे विकले जातात, कारण आपण फोन एका दुकानातून घेतो आणि सिम दुसऱ्या. अपवाद आहेत. २०१७ मध्ये आलेला जिओफोन १५०० रुपये अनामत ठेवून मिळायचा आणि त्यात फक्त जिओचंच सिम चालायचं.

पैसे गेले ते इथे

आमच्या शाळेतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. २०२० साली शाळा बंद होत्या, अभ्यास फोनवर सुरू होता. तिचे बाबा ट्रॅक्टर चालवतात. त्यांनी शहरातल्या जुन्या फोनच्या बाजारातून एक फोन आणला. अमेरिकेहून आलेला, चकचकीत, आणि किमतीला निम्मा. घरी येऊन सिम घातलं तर फोन म्हणाला, चालणार नाही. दुकानदार म्हणाला, लॉक आहे, काढून देतो, पण वेगळे पैसे पडतील. तेही दिले. कुलूप निघालं. आता फोनवर बोलणं होऊ लागलं, पण आम्ही पाठवलेला पाच मिनिटांचा गणिताचा व्हिडिओ काही केल्या उतरेना. चक्री आपली गरगर फिरतेय! आणि नवल असं, की तालुक्याच्या गावी गेलं की तोच फोन वाऱ्यासारखा पळायचा.

सगळे म्हणाले, फोनच बिघडलेला दिला. पण तिचा भाऊ बारावीला सायन्सला होता. त्यानं फोनचं मॉडेल पाहिलं, तो फोन कुठल्या कुठल्या लहरी ओळखतो याची यादी शोधली आणि मग सगळा उलगडा झाला.

मोबाइल आणि टॉवर एकमेकांशी रेडिओलहरींनी बोलतात, हे तुम्हाला माहीत आहे. या लहरींचे पट्टे ठरलेले असतात. ९००, १८००, २१००, २३०० असे. ९०० म्हणजे त्या लहरी एका सेकंदात ९० कोटी वेळा हेलकावतात! तुम्ही टिचकी वाजवेपर्यंत किती हेलकावे झाले, करा हिशोब. कमी आकड्याची लहर लांबवर जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरते. जास्त आकड्याच्या पट्ट्यांवर सहसा जागा जास्त असते, त्यामुळे माहिती भराभर नेता येते, पण लहर लवकर दमते. म्हणून विरळ वस्तीच्या भागात कमी आकड्याची लहर सोयीची. त्या गावात त्या कंपनीचं ४जी ९०० च्या पट्ट्यावर येत होतं. आणि अमेरिकेसाठी बनवलेल्या त्या फोनला ४जी साठी ९०० चा पट्टा ओळखताच येत नव्हता! जुन्या २जी पद्धतीला तो चालत होता म्हणून बोलणं व्हायचं, व्हिडिओ मात्र नाही. तालुक्याला दुसरा पट्टा होता, तो फोनला येत होता.

म्हणजे फोन चांगला होता. कुलूपही खरंच निघालं होतं. रूळच जुळत नव्हते. आणि ते पैसे काही परत आले नाहीत. शेवटी भावानं त्या गावात ज्या कंपनीचा पट्टा फोनला जुळत होता, तिचं सिम आणलं. तोवर आमची पहिली चाचणी होऊन गेली होती.

हे पट्टे देशोदेशी वेगळे का? कारण प्रत्येक देशात त्या लहरींवर आधीपासून कुणी ना कुणी बसलेलं होतं, कुठे सैन्य, कुठे टीव्ही. जीएसएमचे फोन युरोपात आणि आपल्याकडे ९०० आणि १८०० वर चालत, अमेरिकेत मात्र ८५० आणि १९०० वर. आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी पहिला मोबाइल कॉल झाला, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखरामांना केला होता तो. त्या काळातला साधा फोन न्यूयॉर्कला नेला असता तर तो मुका झाला असता. जपाननं तर जीएसएम कधी घेतलंच नाही.

बरं, पट्टा जुळला तरी फोनला आणि जाळ्याला एकच भाषा यायला हवी. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं. त्यांच्याकडे फक्त ४जी होतं. तेव्हाचे पुष्कळ ४जी फोन इंटरनेट ४जी वर वापरायचे, पण बोलायची वेळ आली की खाली उतरून २जी किंवा ३जी वर जायचे. जिओकडे तर खालची पायरीच नाही! ज्या फोनना ४जी वरूनच बोलण्याची रीत येत होती, तिला व्होल्टी म्हणतात, तेच नीट बोलू शकले. बाकीच्यांना वेगळं ॲप घालून बोलावं लागलं. ५जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालं, तेव्हाही असंच. फोनच्या खोक्यावर मोठ्ठं ‘५जी’ छापलेलं, पण काही फोनना भारतातलं ५जी पकडायला नवीन सॉफ्टवेअर येईपर्यंत दोन-अडीच महिने थांबावं लागलं.

आणि उलट बाजूनंही तीच तऱ्हा. एटी अँड टीनं फेब्रुवारी २०२२ मध्ये आपलं ३जी बंद केलं. तेव्हापासून त्यांच्या जाळ्यावर चालणाऱ्या फोनची यादीच आहे. तुमचा ताईदादा शिकायला तिकडे निघाला असेल, तर इथला फोन पूर्ण उघडा असूनही त्या यादीत आहे का, हे विमानात बसायच्या आधी बघायला सांगा.

घरात जुना किंवा परदेशातला फोन यायचा असेल तर पैसे देण्याआधी आपलंच सिम घालून पाहायचं. आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’ या पानावर ‘कॅरिअर लॉक’ अशी ओळ असते, तिथे कुलूप आहे की नाही ते लिहिलेलं असतं. मग मॉडेल नंबर घेऊन पट्ट्यांची यादी काढायची आणि शक्य असेल तर फोन आपल्या गावात, आपल्या घरात बसून वापरून पाहायचा. दुकानात चालला म्हणजे घरी चालेलच असं नाही.

आणखी एक. चोरीचा फोन असेल तर सरकार त्याचा आयएमईआय नंबर बंद करतं, मग कुलूप उघडं असो की नसो, तो कुठल्याच जाळ्यावर चालत नाही. फोनवर कॉल करतो तिथे *#०६# दाबा, हा १५ अंकी नंबर समोर येईल. तो १४४२२ वर एसएमएस करून तपासता येतो. आधी केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग मोकळी जागा, मग नंबर.

या नंबरात तुमच्यासाठी एक मजेदार गणित आहे. पहिले ८ अंक मॉडेलचे, पुढचे ६ त्या एका फोनचे आणि शेवटचा एक पडताळ्याचा. घ्या वही. नमुन्याचा नंबर आहे ४९०१५४२०३२३७५१८. शेवटचा ८ झाका. उरलेल्या १४ अंकांपैकी दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक अंक दुप्पट करा. दुप्पट दोन अंकी आली तर तिच्या अंकांची बेरीज घ्या, म्हणजे ९ चे १८ आणि १८ चे १ अधिक ८, परत ९. बाकीचे अंक आहेत तसेच. आता सगळ्यांची बेरीज करा: ४, ९, ०, २, ५, ८, २, ०, ३, ४, ३, ५, ५, २. झाले ५२. पुढचा पूर्ण दशक ६०. साठातून बावन्न गेले, उरले ८. झाकलेला अंक उघडा!

आता बाबांच्या फोनचा नंबर घेऊन करून पाहा. उत्तर जुळलं नाही तर आधी आपली बेरीज तपासा, मग बाबांना हाक मारा.